‘चोक’ नव्हे, धीर सुटला म्हणा

‘चोक होणे’ हा प्रयोग अलीकडे आमच्या संगीतवर्गांतही सर्रास ऐकू येतो. या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ घास अडकून श्वास कोंडणे. त्यावरून ऐन मोक्याच्या क्षणी आत्मविश्वास गमावून हातचे घालविणे, हा दुसरा अर्थ रूढ झाला. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका उपांत्य सामना बरोबरीत सुटूनही बाहेर पडली, आणि ‘चोकर’ हा शिक्का तिच्या कपाळी घट्ट बसला. २०२५ साली कसोटीचे जगज्जेतेपद मिळेपर्यंत तो पुसता पुसेना.

मैदानावरचा हा शिक्का गाणाऱ्या पोरांच्या कपाळी मारावा काय? डिचोली तालुक्यातील सुर्ल्याहून कोल्हापुरास शिकावयास आलेली माझी एक विद्यार्थिनी स्पर्धेत तार षड्जाशी अडखळली. परीक्षकांनी सर्वांदेखत निकाल दिला, ‘चोक झाली!’ पुढे दोन महिने पोरीने तंबोऱ्याला हात लावला नाही.

या शब्दाचा दोष असा की, त्यात ती मुलगी एकटी आहे. चूक तिची, गळाही तिचाच. मराठीत ‘कच खाणे’ असा कठोर प्रयोग आहे खरा. परंतु त्याच्या शेजारी ‘धीर’ उभा आहे. धीर सुटतो, खचतो. तसाच तो धरता येतो, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला देता येतो! सुर्ल्यास देवळात भजनाच्या रात्री ती पुन्हा अडखळली, तेव्हा पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, झांजकऱ्यांनी ओळ उचलली. दुसऱ्या खेपेस षड्ज लागला.

गळा आणि धीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा दरबारी गवयांच्या मुलांना सांगावे लागत नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँसाहेब यांचा आवाज अतिश्रमाने बसला होता. त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी घडविली, आणि तीच पुढे केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकीय गायिकांच्या मुखी नांदली.

तेव्हा परीक्षकांना नम्र विनंती एवढीच की, पोर अडखळले तर ‘धीर सुटला’ म्हणावे. तसे म्हटले की तो देण्याचे कर्तव्य आपल्यावरही येते.