एक प्रत गावात, एक नाहूरला



या पंधरवड्यात तिघांनी विचारलं, "शेतीच्या व्हिडिओसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अजून कोणताच घेऊ नका. हातातला मोबाईल पुरेसा आहे. कमी पडते ती आपली शिस्त, आणि त्याची किंमत मी मोजून बसलोय.

दोन वर्षांपूर्वी गोडी छाटणीनंतर पाच-सहा पानांवर असताना एक फवारणी घेतली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मी लगेच अकरा क्लिपा घेतल्या. त्यातल्या दोन ग्रुपवर टाकल्या, आणि मोबाईल 'जागा नाही' म्हणायला लागला तेव्हा मूळ क्लिपा पुसून टाकल्या. ग्रुपवर आहेत ना, मग झालं! आठ दिवसांनी औषधवाल्यांचा माणूस आला. तोवर नवी फूट निघाली होती, करपलेली पानं गळाली होती. मी व्हॉट्सअपवरची क्लिप दाखवली. तो म्हणाला, "ही कोणत्या तारखेची? कोणत्या ओळीची? तुमच्याच बागेतली कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग आला, पण खोटं कशाला बोलू, त्याचा प्रश्न रास्त होता. व्हॉट्सअपवरून व्हिडिओ गेला की तो दाबून लहान होतो, त्याला नवं नाव लागतं, आणि मूळ फाईलमधली वेळ-ठिकाणाची नोंद बहुतेक हरवते. भरपाईचा विषय तिथंच संपला.

त्या डिसेंबरात बहिणीकडे नाहूरला गेलो होतो. कल्याणला उतरून स्लो लोकल, मुलुंडच्या पुढचं स्टेशन. भाचा लग्नाचं आणि कंपन्यांचं शूटिंग करतो, एडिटिंग घरीच. रात्री दोनला आला. बहीण ताट वाढून बसलेली. पण हा आधी लॅपटॉपपाशी. कार्डावरचं सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवलं, मधल्या-मधल्या क्लिपा उघडून पाहिल्या, कार्डाची लॉकची कळ सरकवून ते डबीत ठेवलं, मग हात धुतले. एक डिस्क घरातल्या कपाटात, दुसरी सकाळी मुलुंडला मित्राकडे. मी म्हटलं, "अरे, जेवण गार झालं." तर म्हणतो, "मामा, कॅमेरा भाड्यानं मिळतो. मुहूर्त परत मिळत नाही."

मला करपलेली पानं आठवली.

त्याची पद्धत मी जशीच्या तशी उचलली. शूटिंग झालं की त्याच संध्याकाळी दोन प्रती. दोन्ही तपासल्याशिवाय मोबाईलमधून काही पुसायचं नाही. फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करायचं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढं प्लॉट आणि ओळ. म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. क्लिप सुरू करताना गट नंबर, ओळ, छाटणीला किती दिवस झाले आणि शेवटची फवारणी कोणती हे तोंडानं बोलायचं. आधी लांबून बाग, मग झाड, मग पान, हे सगळं एकाच न तोडलेल्या क्लिपमध्ये. पान कुठलं, हा प्रश्नच उरत नाही.

प्रकरण तक्रारीपर्यंत जाणार असेल तर मूळ फाईलला हातच लावू नका, काटछाट करायची ती प्रतीवर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाईलची 'हॅश' लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईल जराशी जरी बदलली तरी ठसा बदलतो. प्रत नीट उतरली का, हे मोठे शूटिंगवालेही असेच ठसे जुळवून बघतात.

आता रंगाचं. हे कृषी सल्लागार मंडळींनी जरूर वाचावं. बहिणीच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. भाच्यानं त्यातलं एकच पान खिडकीच्या उजेडात घेतलं आणि मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली घेतलं. पहिल्यात फिकट हिरवं, दुसऱ्यात पिवळंधमक. पान तेच! मोबाईल आपल्या मनानं रंग जुळवतो, आणि आपण त्यावरून लोह कमी की मॅग्नेशियम कमी हे ठरवतो. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाकडे बघायचं, जुन्या पानात तसंच दिसलं तर मॅग्नेशियमकडे. पण मुळात पिवळेपणाच खरा आहे का? म्हणून पानाशेजारी पांढरा कोरा कागद धरायचा. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स असेल तर तो एका जागी पक्का करायचा. हिरव्या शेडनेटखाली तर अजिबात विश्वास ठेवू नका, पान बाहेर आणून घ्या.

बाकीचं थोडक्यात. पॅकहाऊसमध्ये दिव्यांचे पट्टे दिसत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. पैसे खर्चायचेच तर कॅमेऱ्याआधी केसाळ टोपीचा कॉलर माईक आणि हार्ड डिस्क घ्या. वाऱ्यात सल्ला ऐकूच आला नाही तर चित्र कितीही स्वच्छ असून काय उपयोग? फोर-केचा हट्ट नको. फुल एचडीला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात, फोर-केला त्याच्या अडीच-तीन पट. आणि ज्यांनी आधीच मोठा कॅमेरा घेतलाय त्यांनी पावसाळ्यात तो सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवावा. दमट हवेत लेन्सलाही बुरशी लागते, आणि तिच्यावर फवारणी नाही.

सल्लागारांना एक विनंती. शेतकऱ्याकडे फोटो-व्हिडिओ मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" एवढं सांगत जा. फाईल न दाबता जशीच्या तशी येते.

माझी एक डिस्क आता घरातल्या पेटीत असते, दुसरी नाहूरला बहिणीच्या कपाटात. दर दोन महिन्यांनी कुणीतरी तिकडं जातंच, त्याच्याकडे भरलेली देतो आणि जुनी मागवून घेतो. बहीण म्हणते, द्राक्षं पाठवायची सोडून डबे कसले पाठवतोस.