विश्लेषण : तांदळाच्या कणीएवढा जीव झिजतो, तेव्हा देवमासे का मरतात?

उत्तर अटलांटिकमधील ‘राइट’ जातीच्या देवमाशांची संख्या आता ४००च्याही खाली आहे. २०१७ मध्ये कॅनडाच्या सागरी हद्दीत असे १२ देवमासे मृतावस्थेत आढळले. जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर ही त्यामागची प्रमुख कारणे. पण हे देवमासे जहाजांच्या वाटेत आलेच कसे, याचा माग एका दोन-तीन मिलिमीटरच्या प्राणीप्लवकापर्यंत जातो.

हा जीव कोणता?

‘कॅलॅनस फिनमार्किकस’ हा कोपेपॉड गटातील कवचधारी जीव, म्हणजे कोळंबीचा दूरचा नातलग. वसंतात सूक्ष्म वनस्पतिप्लवकांवर ताव मारून तो शरीरातील एका पिशवीत मेणासारखी चरबी साठवतो. ती त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरू शकते. मग शेकडो मीटर खाली थंड पाण्यात उतरून तो कित्येक महिने सुप्तावस्थेत काढतो आणि सारा गुजारा त्या साठ्यावरच करतो. दिवसाला टनाहून अधिक प्लवक गिळणाऱ्या देवमाशाला हवी असते ती हीच चरबी.

तापमानवाढीने शरीरात काय बदलते?

प्लवकांना स्वतःचे तापमान राखता येत नाही. पाणी तापले की शरीरही तापते. साधारण दहा अंश वाढले तर चयापचयाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. समुद्र इतका तापत नाही हे खरे, पण एक-दोन अंशांनीही रोजचा खर्च वाढतो आणि प्राणवायूही जास्त लागतो. गरम पाण्यात तो विरघळतो मात्र कमी. खाणे त्या प्रमाणात वाढले नाही, तर शिल्लक घटते.

खरा फटका सुप्तावस्थेत बसतो. खोल पाणी उबदार असेल तर साठा लवकर जळतो आणि जीव वेळेआधीच जागा होतो. वर वनस्पतिप्लवकांचा बहर आलेला नसेल, तर खायला काय?

दुसरा परिणाम आकारावर होतो. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत कोपेपॉड अनेकदा कात टाकतो. उष्णतेने वजन वाढण्याच्या वेगापेक्षा कात टाकण्याचा वेग जास्त वाढतो. परिणामी प्रौढ लवकर होतो, पण लहानखुरा राहतो. लहान मादी अंडीही कमी घालते.

मासेमारीशी संबंध काय?

व्यापारी जहाजांमागे यंत्र ओढत त्यातील रेशमी पट्टीवर प्लवक गोळा करण्याचे सर्वेक्षण १९३१ पासून सुरू आहे. इतकी चिकाटी विज्ञानातही विरळाच! त्या नोंदींनुसार ईशान्य अटलांटिकमधील उष्ण पाण्यातील कोपेपॉड सुमारे चार दशकांत जवळपास दहा अक्षांश उत्तरेला सरकले. उत्तर समुद्रात फिनमार्किकसची जागा बऱ्याच अंशी त्याच्या भाऊबंदाने, ‘हेल्गोलँडिकस’ने घेतली. दिसायला दोघे जवळपास सारखेच, पण हा नवा जीव वाढतो उन्हाळ्याच्या अखेरीस. कॉड माशाच्या पिल्लांना अन्न लागते वसंतात. अतिमासेमारीने आधीच खंगलेल्या कॉडला हा दुसरा तडाखा होता.

आणि देवमासे?

२०१० च्या सुमारास मेनच्या आखातात खोलवर उबदार पाणी शिरू लागले आणि तिथला कॅलॅनस रोडावला. सगळा दोष शरीरावरील ताणाला देता येत नाही. प्रवाह बदलल्याचाही त्यात वाटा आहे. देवमासे मात्र अन्नाच्या शोधात सेंट लॉरेन्सच्या आखातात पोहोचले. तिथे जहाजांची वर्दळ होती आणि त्यांच्यासाठी वेगमर्यादा नव्हती. कॅनडाने ऑगस्ट २०१७ मध्ये ती लागू केली, तोवर अनेक देवमासे दगावले होते. भरपूर चरबी अंगी असल्याशिवाय मादीला गर्भ पेलत नाही. पुढच्या, २०१७-१८च्या प्रजनन हंगामात एकाही पिल्लाची नोंद झाली नाही.