गाडीखालचं पाचट नेमकं कुणाचं?

नातेपुते-माळशिरस-अकलूज या पट्ट्यात गळीत हंगामात रोज चारचाकी चालवणाऱ्यांनी एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावी. इंजिनच्या खाली एक काळं झाकण असतं. कुणी त्याला इंजिन गार्ड म्हणतं, कुणी नुसतं ‘खालचं प्लॅस्टिक’. ते उघडलं की पाचट निघतं, उसाची सालपटं आणि टिपऱ्यांचे तुकडे निघतात, डांबर लागलेली खडी, फुटलेल्या टायरच्या पट्ट्या, सुतळी आणि काळ्या रानातला वाळून दगड झालेला चिखल निघतो. एका हंगामात पाटीभर माल सहज निघेल.

मेकॅनिककडे गेलं की ठरलेला सल्ला मिळतो, ‘काढूनच टाका की राव ते, कटकट मिटली.’ आपण काढतो आणि घरी येतो. माझं म्हणणं असं की हा सल्ला चुकीचा आहे, आणि सगळा दोष गाडीवाल्याच्या गळ्यात घालणंही चुकीचं आहे.

आधी गाडीचं बघू. ते झाकण शोभेला लावलेलं नसतं. रस्त्यावरचं पाणी आणि चिखल उडून बेल्टवर, वायरिंगवर जाऊ नये, दगड चेंबरला लागू नये, गाडीखालून हवा सरळ निघून जावी, यासाठी कंपनी ते देते. ते काढलं की कचरा थेट इंजिनच्या पोटात जातो. म्हणजे घरात धूळ येते म्हणून दारच उखडून ठेवण्यातला प्रकार. खरा बिघाड बहुतेक वेळा झाकणाच्या पुढच्या कडेला असतो. बेढब स्पीडब्रेकरवर ती कड घासते, दोन-चार क्लिपा तुटतात आणि पुढचा भाग खाली लोंबतो. मग त्याचं सुपडं होतं. गाडी पळेल तसं ते सुपडं रस्त्यावरचं पाचट आत ओढत राहतं. क्लिप ही किरकोळ वस्तू आहे, पण ती लावून घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. काही जण त्याऐवजी बाजारातला जाड लोखंडी पत्रा ठोकून घेतात. त्याला पाणी जायला भोकं नसतील तर आत साचलेलं तिथंच कुजतं आणि उंदरांना आयतं घर मिळतं. पुढं वायरिंगचं काय होतं ते सांगायला नको.

पण उंदीर परवडले. भीती आगीची आहे. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो चालत्या गाडीत भयंकर तापतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. तेव्हापासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. साठलेली काजळी जाळताना त्याच्या आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. वाळलेल्या पाचटाला पेटायला याच्या निम्मं तापमानही पुरतं. गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका असं छापलेलं असतं, ते याचसाठी. आपल्याकडं तर गवत गाडीतच अडकून सोबत फिरतंय! लग्नाला, यात्रेला गेलं की आपण बिनधास्त पाचट पसरलेल्या रानात गाड्या लावतो. हे थांबवा. चालवताना जळका वास आला तर गाडी मोकळ्या डांबरावर किंवा मुरमावर घ्या, इंजिन बंद करा, आधी माणसं उतरवा, मग दुसरं काय ते.

आता दुसरी बाजू. हे पाचट रस्त्यावर येतं कुठून?

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्याकडं ऊस आला आणि त्याच्यामागं कारखाने आले. सदाशिवनगर, शंकरनगर, श्रीपूर, सगळीकडं ऊस जातो तो याच रस्त्यांनी. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाडी, सगळं आलं त्यात. दोर सैल असतो, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंनी ऊस लोंबत असतो, प्रत्येक खड्ड्याला चार टिपरी खाली पडतात. मागून येणारी वाहनं ती चिरडतात आणि त्याचा भुगा होतो. ओल्या रानातून ट्रॅक्टर थेट हायवेवर येतो तेव्हा चाकाला चिकटलेली ढेकळं पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर सांडत जातात. त्यात भर रस्त्याच्या कामांची. पंतप्रधानांनी ८ नोव्हेंबर २०२१ ला पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन केलं. रस्ता मोठा होतोय, ते चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खडी-मुरमाचा डंपर ताडपत्रीविना का पळतो, हे कुणी ठेकेदाराला विचारतं का?

चारचाकीवाल्याचं फार तर प्लॅस्टिक जातं. त्याच खडीवर आणि त्याच चिखलावर मोटारसायकल घसरते तेव्हा माणूस जातो. म्हणून या विषयाला ‘गाडीवाल्यांचे लाड’ म्हणून हसू नका.

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं माल वाहनाच्या बाहेर मर्यादेपलीकडं लोंबत असेल तर २० हजार रुपये दंड आणि जादा माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद केली. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५ हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या भादंविमध्ये हाच दंड २०० रुपये होता. कागदावर सगळं आहे. पण हंगामात प्रत्येक ट्रॉली अडवायची कुणाचीच इच्छा नसते, आणि खरं सांगायचं तर मलाही नुसत्या दंडावर भरवसा नाही. दंड शेवटी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या खिशातून जाणार. जास्त भरायला लावणारी पद्धत आहे तशीच राहणार. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, मग कमी कोण भरेल?

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, ‘शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय.’ दादा, उलटं आहे. उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. वाटेत पडलेली मोळी काट्यावर येत नाही आणि तिचं बिलही निघत नाही. रस्त्यावर चिरडला जातो तो शेतकऱ्याचाच माल. दोर घट्ट आवळला, वरून जाळी टाकली तर पहिला फायदा ऊसवाल्याचाच.

हे जमण्यासारखं आहे का? आषाढीला माउलींची पालखी धर्मपुरीतून जिल्ह्यात येते आणि नातेपुत्यात मुक्कामाला असते. त्याआधी रस्ता कसा होतो ते आपण दरवर्षी बघतो. खड्डे बुजतात, कडेचा मुरूम सारखा होतो, झाडलोट होते. म्हणजे माणसं आहेत, यंत्रणा आहे. जे पालखीसाठी होतं ते हंगामात आठवड्यातून एकदा का होऊ नये? कारखान्यांनी वाहतुकीचा करार करतानाच जाळी आणि दोराची अट घालावी आणि गेटवर ती तपासावी. आपल्या मार्गावर पडलेला ऊस उचलायला एक गाडी फिरती ठेवावी. रानातून हायवेला लागायच्या आधी ट्रॅक्टर थांबवून खोऱ्यानं चाकं खरवडायला दहा मिनिटं लागतात. ही सवय ऊसमालकानं लावावी, सांगायला बाहेरचं कुणी येणार नाही. आणि हद्दीतल्या स्पीडब्रेकरचं माप नगरपंचायतीनं एकदा नीट घ्यावं, कारण आमची सुपडी तिथंच तयार होतात.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा गाडी रॅम्पवर घ्या, क्लिपा मोजा, तुटलेल्या बदला, चाकाच्या वरचं अस्तर आणि पाणी जायची भोकं मोकळी करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. धुताना प्रेशरचा फवारा वायरच्या जोडांवर मारू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाली बॅटरी असते, तिथलं झाकण घरी खोलायचंच नाही. चाकातून अचानक किर्रर्र आवाज यायला लागला तर लगेच ब्रेकपॅड बदलायला पैसे घालवू नका. बऱ्याचदा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागेत गाडी थोडी मागं-पुढं केली की तो पडतो. नाही पडला तर मग गॅरेज.

ज्यांच्या गाडीखालून या हंगामात असा माल निघालाय, त्यांनी फोटो आणि रस्त्याचं ठिकाण कमेंटमध्ये टाका. सगळे एकत्र करून नगरपंचायत आणि तहसील कार्यालयात अर्जासोबत जोडू. वाहतूकदार आणि ऊसमालक मंडळींनीही लिहा, जाळी का लावता येत नाही, अडचण पैशाची आहे की वेळेची. तेही अर्जात घालू.