“प्रॅक्टिकल कशी करणार?”

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पाण्याचा थेंब धरा आणि बोटे हळूहळू लांब न्या. मध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो, त्याची कंबर बारीक होते आणि तो तुटतो. असा पूल किती ताणता येतो, याचा नियम प्रयोगातून शोधणारे घेंट विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ प्लातो 1843 च्या सुमारास पूर्ण अंध झाले होते.

त्यांची युक्ती साधी होती. पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण तेलाच्याच घनतेचे केले की त्यात तेलाला जणू वजन उरत नाही. अशा मिश्रणात दोन गोल चकत्यांमध्ये त्यांनी तेलाचा दंडगोल उभा केला. त्याची लांबी परिघापेक्षा, म्हणजे व्यासाच्या सुमारे 3.14 पटीपेक्षा, वाढली की तो टिकत नाही. कंबर जराशी बारीक झाली की तिथला दाब वाढतो, द्रव जाड भागाकडे ढकलला जातो आणि कंबर आणखी बारीक होते. आखूड पूल मात्र स्वतःला सावरतो. अतिशुद्ध सिलिकॉन बनवण्याच्या एका पद्धतीत वितळलेले सिलिकॉन दोन घन कांड्यांमध्ये असेच तोलून धरतात.

पाहण्याचे काम प्लातोंचे कुटुंबीय आणि सहकारी करत. काय मांडायचे, काय मोजायचे आणि दिसले त्याचा अर्थ काय, हे प्लातो ठरवत. 1873 मध्ये त्यांचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला.

मग श्रेय पाहणाऱ्यांचे नाही का? त्यांचेही आहेच. पण एकट्याच्या डोळ्यांवर कुठली प्रयोगशाळा चालते? डोळस शास्त्रज्ञही सहायकाने घेतलेल्या नोंदींवर विसंबतोच.

म्हणूनच अंध मुलीने विज्ञान शाखा मागितली की “प्रॅक्टिकल कशी करणार?” असे विचारून तिला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. हा प्रश्न तिला नव्हे, शाळेने स्वतःला विचारायचा आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा शाळांकडून गरजेनुसार सोयींची अपेक्षा करतो. उठावाच्या आकृत्या, बोलणारा तापमापक, नोंद घेणारा सोबती, एवढ्यावर बरेच काही सुरू होऊ शकते. आपल्या समाजाच्या संस्था चालवणाऱ्यांनी येत्या प्रवेशाच्या वेळी निदान इतके करावे. तिला काय मोजायचे आहे, ते आधी ऐकून घ्यावे.