विहीर गोणी ओळखत नाही



‘नायट्रेट हे युरियाचंच पाप’ हे विहिरींच्या पाण्यावरच्या तुमच्या लेखातलं निदान अर्धवट आहे. प्रश्न खरा आहे: केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालातल्या सर्वाधिक नायट्रेटबाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ आहेत. युरिया दोषी आहेच. पण शेणखतातला नत्रही मातीत अखेर नायट्रेटच होतो. पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा दोघांना सारखीच.

हिरवळीच्या खताबद्दलचं ‘ताग गाडला की गळती थांबते’ हे विधानही चूक. नायट्रेट धरतात ती उभ्या पिकाची मुळं! फुलोऱ्यात गाडलेला कोवळा ताग भराभर कुजतो. रान मोकळं राहिलं, तर त्याचा नत्र पावसाबरोबर खाली. शिवाय ताग शेंगवर्गीय, म्हणजे हवेतला नत्र आणणारा. उरलेला नत्र उचलायला ज्वारीसारखं तृणधान्य बरं.

(इथे वरळीत नळाला धरणाचं पाणी येतं, विहिरीचं नाही, हे मान्य.)

– एक वाचक, वरळी