झोतामागच्या माणसाला आसन हवे

‘प्रकाशझोतात येणे’ हा वाक्प्रयोग आपण नित्य करतो. कुणी निवडून आला, कुणाला पुरस्कार मिळाला, की तो प्रकाशझोतात आला असे आपण सहज म्हणून जातो. रंगमंचावरचा खरा झोत मात्र आपणहून कुणाच्या मुखावर येऊन पडत नाही. प्रेक्षकांच्या पाठीमागे किंवा त्यांच्या माथ्यावर, अंधारात, एक माणूस तो दिवा दोन्ही हातांनी धरून असतो. नट दोन पावले सरकला की त्याचे मनगट सरकते. नायिका गुडघ्यांवर बसली की झोत तिच्याबरोबर खाली येतो. नाटकाच्या यशात या मनगटाचा वाटा असतो. पण त्या माणसाला बसायला काय आहे, उभे राहायला जागा किती आहे, हे आयोजक विचारीत नाहीत आणि प्रेक्षकांच्या ते ध्यानातही येत नाही.

हा प्रश्न साकोलीसारख्या गावाने अग्रक्रमाने विचारावा, असे आम्हाला वाटते. साकोली हे झाडीपट्टीच्या सांस्कृतिक जीवनाचे एक ठळक ठिकाण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळी सरली, धान घरात आले, की मंडई भरते, शंकरपट रंगतात आणि रात्री नाटक उभे राहते. वडसा देसाईगंज येथील नाट्यमंडळी गावोगाव आपला पसारा घेऊन हिंडतात. गावातील तरुणांचे मंडळ नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि शेजारच्या दहा गावांचे पाहुणे त्या रात्री गावात मुक्कामाला येतात. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला, तेव्हा सबंध झाडीपट्टीची मान उंचावली. शासनाने नटाची दखल घेतली, हे उचितच झाले. आता दिवा धरणाऱ्याची दखल घेणे हे समाजाचे काम आहे.

दिवा धरणाऱ्याची परंपरा विजेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘नाचा’ या लोकनाट्याच्या जुन्या रूपात वादक उभ्यानेच वाजवीत आणि मशालींच्या उजेडात खेळ चाले. मशालजी नटाबरोबर पुढे-मागे होई. आजच्या झोताचा पूर्वज म्हणावा तर तोच. पुढे गॅसबत्त्या आल्या, मग वीज आली. युरोपातही हीच कथा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १८३७ मध्ये चुन्याचा तुकडा वायूंच्या ज्योतीत तापवून लख्ख प्रकाश निर्माण करण्यात आला. तो चुना सतत फिरवीत राहावा लागे आणि त्यासाठी दिव्याजवळ एक माणूस अखंड बसलेला असे. इंग्रजीत कीर्तीला ‘लाइमलाइट’ म्हणतात ते या चुन्याच्या प्रकाशावरून. साधने पालटली तरी दिव्याजवळचा माणूस कुठेच हटला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या माणसाचे काम नेमके कसे असते? पक्क्या नाट्यगृहात त्याची जागा बहुधा छताखालच्या अरुंद लोखंडी वाटेवर असते. इंग्रजीत तिला ‘कॅटवॉक’ म्हणतात, म्हणजे मांजराची वाट. नाव पुरेसे बोलके आहे. तेथे ताठ उभे राहावे तर डोके तुळईला लागते आणि बसावे तर समोरच्या नळीआड रंगमंच दिसत नाही. मग कंबरेत वाकून, एका पायावर भार देऊन तास-दोन तास काढायचे. उष्ण हवा वर चढते, हा निसर्गनियम आहे. त्यामुळे खाली प्रेक्षक गारव्यात असले तरी छताखाली उकाडा साचतो. त्यात जुन्या तारेच्या दिव्याला मिळणाऱ्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज प्रकाश न होता उष्णतेतच जाते. हजार वॉटचा असा दिवा कानाजवळ धरून बसणे म्हणजे शेगडीला गाल लावून बसणेच होय.

उघड्या मंडपात तऱ्हा वेगळी. तेथे छत नाही, म्हणून वाटही नाही. झोताला उंची हवी असेल तर बल्ल्यांचे किंवा लोखंडी नळ्यांचे मचाण बांधणे ओघाने आले. शेतात रानडुकरांवर राखण करण्यासाठी आमचा शेतकरी मचाण बांधतो ते ऐसपैस असते. त्यावर तो बसतो, घोंगडी अंथरतो, पडतोही. नाटकाचे मचाण मात्र दिव्याच्या मापाने बांधले जाते, माणसाच्या नव्हे. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत पाठ गारठते आणि चेहरा दिव्याने भाजतो. एकदा वर चढलेला मुलगा लघुशंकेसाठीही सहजी खाली उतरू शकत नाही, कारण तो उतरला तर रंगमंच काळोखात जाईल. चौथ्या अंकापाशी, पहाटेच्या त्या घटकेला, जेव्हा प्रेक्षकांतील मुले आईच्या मांडीवर झोपलेली असतात, तेव्हा या मुलाने डोळे ताणून नटाचा पाठलाग करायचा असतो. कठडा नसलेल्या मचाणावर पेंग येणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

कुणी म्हणेल, कलेत कष्ट असायचेच. नट रात्रभर गातो, वादक रात्रभर वाजवतो, मग दिवेवाल्यानेच सोयी का मागाव्यात? रंगभूमी म्हणजे तपस्या! या युक्तिवादाचा आदर राखूनही एक भेद सांगणे आवश्यक आहे. तपस्या ही स्वतः अंगीकारायची असते, ती दुसऱ्यावर लादता येत नाही. शिवाय नटाला टाळी मिळते, विंगेत जाऊन घोटभर चहा घेता येतो, पुढच्या प्रवेशापर्यंत पाठ टेकता येते. झोतवाल्याला विंग नाही. नाटकाच्या प्रत्येक क्षणी तो प्रवेशातच असतो.

आणि हा केवळ दयेचा प्रश्न आहे असेही नाही. तीस मीटर अंतरावरून झोत टाकताना हात एका अंशाने ढळला तर रंगमंचावर प्रकाश सुमारे अर्धा मीटर सरकतो. अर्धा मीटर म्हणजे नटाचे मुख अंधारात आणि मागच्या पडद्यावरचा राजवाडा उजेडात! अवघडलेल्या खांद्याला एक अंश सांभाळता येत नाही. करुण प्रसंगाच्या ऐन भरात झोत थरथरला, की नटाने मिळवलेले अश्रू हशात वाहून जातात. ज्याला दिवेवाल्याच्या सुखाची पर्वा नसेल, त्याने निदान नाटकाच्या सुखासाठी तरी त्याला नीट बसवावे.

आपल्या परंपरेची दृष्टी या बाबतीत उदार आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाट्यमंडळीची गणना करताना सूत्रधार, नट आणि विदूषक यांच्याबरोबर मुकुट घडवणारा, माळा गुंफणारा, वेष करणारा, चित्रकार, वस्त्रे धुणारा रजक आणि कारागीर या साऱ्यांना स्थान दिले आहे. परिटाला नाट्यसंघात मान देणारी ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. मग आज दिवा धरणाऱ्याला त्याच पंगतीत पाट मांडायला नको का?

कायद्यानेही हे तत्त्व फार पूर्वी मान्य केले. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची योग्य व्यवस्था असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे ४४ वे कलम सांगत असे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील विक्रेत्यांनाही बसण्याचा हक्क दिला. आपल्या परिसरातले उदाहरण तर याहून बोलके आहे. शंकरपटावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली. २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा कायदा वैध ठरला. या कायद्याच्या नियमांनुसार शर्यतीपूर्वी बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी लागते. ते योग्यच आहे. बैल हे आपले दैवत आहे. पण दिवसा पटावर बैलाची काळजी घेणाऱ्या गावाने रात्री मचाणावरच्या मुलाचा विचार करू नये, हे त्या दैवतालाही रुचणार नाही.

उपाय अवघड नाहीत आणि महागही नाहीत. पहिला उपाय आसनाचा. पाठ टेकता येईल असे, उंची कमी-जास्त करता येणारे उंच स्टूल गावचा सुतार किंवा वेल्डर सहज करून देईल. दुसरा उपाय तोलाचा. दिवा त्याच्या भाराच्या मध्यावर टांगला आणि गरज पडल्यास मागे वजन बांधले, की तो बोटाने फिरतो, हातांना पेलावा लागत नाही. तिसरा कठड्याचा. कंबरेइतका पक्का कठडा, पायाशी आडवी फळी, चढायला बांधून घट्ट केलेली शिडी आणि दिव्याला सुटून पडू नये म्हणून स्वतंत्र साखळी, एवढे झाल्याशिवाय कुणालाही वर चढवू नये. चौथा उपाय जोडीदाराचा. दोन माणसे नेमावीत आणि प्रत्येक अंकाला पाळी बदलावी. त्यातच विश्रांती, चहा आणि देहधर्म यांची सोय होते. याखेरीज पायाखाली रबराची चटई, उष्णतेपासून हातमोजे, पाण्याची बाटली, थंडीत घोंगडी आणि संहिता पाहण्यापुरता झाकलेला मंद दिवा पुरे आहे. कर्णे आणि जनरेटरचा धूर मचाणापासून दूर ठेवायला तर काहीच खर्च येत नाही. ज्या मंडळींना शक्य आहे त्यांनी एलईडीचा झोत घ्यावा. त्याची आच पुष्कळ कमी असते आणि वीजही वाचते.

पक्की नाट्यगृहे बांधणाऱ्या नगरपालिकांकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. आराखडा कागदावर असतानाच झोतवाल्याच्या जागेचे माप एखाद्या अनुभवी दिवेवाल्याला विचारून ठरवावे. त्या जागी ताठ उभे राहता येईल एवढी उंची आणि हवा खेळती ठेवणारा पंखा असावा. इमारत उभी राहिल्यावर तुळई हलवता येत नाही.

झाडीपट्टीत याची सुरुवात मात्र कुणाच्या आदेशाची वाट न पाहता गावाच्या मंडळांनी करावी. नाटक ठरवताना नटीचा मुक्काम, वादकांचे जेवण, जनरेटरचे डिझेल यांची बोलणी होतातच. त्या यादीत एक ओळ वाढवावी: झोतवाल्याचे मचाण, त्याचा कठडा आणि त्याचे आसन. प्रयोगाच्या दिवशी सायंकाळी मंडळाच्या एका जबाबदार कार्यकर्त्याने स्वतः त्या मचाणावर चढून, पाच मिनिटे बसून पाहावे. ज्या जागी आपल्याला पाच मिनिटे बसवत नाही, तेथे दुसऱ्याच्या मुलाला रात्रभर बसवू नये, एवढे तारतम्य आपल्या गावांत निश्चित आहे. येत्या मंडईला साकोलीच्या पंचक्रोशीतील एका मंडळाने जरी हे केले, तरी शेजारची गावे ते पाहून शिकतील.