चरी ते चवदार तळे : एका स्नेह्यासोबत

पनवेलकराला रस्त्याचे नवल नसते. मुंबईहून घाटावर जा नाहीतर कोकणात उतरा, वाटेत पनवेल आहेच. एस. टी. स्टँडवर घटकाभर उभे राहिले की महाड, मुरूड, श्रीवर्धन अशा पाट्या डोळ्यांपुढून सरकतात. तिकीट काढले आणि बसलो, इतके ते सोपे. परंतु हाच रस्ता आपल्या वाडवडिलांना इतका मोकळा नव्हता. गाडीत जागा मिळेल की नाही, हे जातीवर ठरत असे. ही गोष्ट आपली मुले पुस्तकात वाचतात. त्याच रस्त्याने सोबत्याबरोबर गेले म्हणजे ती वेगळीच कळते. म्हणून आज थोडे त्या प्रवासाविषयी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि आमचे एक जुने स्नेही असे दोघे पनवेलहून महाडला गेलो. स्नेही आगरी समाजाचे, मूळचे पोयनाडच्या बाजूचे. नोकरीची तीस वर्षे आम्ही दोघांनी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढली, डबे एकत्र उघडले. महाडला सरळ हमरस्त्याने जाता येते. पण गाडी त्यांची, तेव्हा अटही त्यांची : "जायचं तर समुद्राच्या कडेनं. आणि आधी माझं गाव, मग तुझं महाड."

पहाटे निघालो. शिरढोण गेले, कर्नाळ्याचा सुळका मागे पडला, पेण आले. वडखळला अलिबागचे वळण घेतले आणि धरमतरच्या पुलावर खाडीचा वारा लागला. येथे आम्ही स्नेह्यांना पहिली हकीकत सांगितली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला निघताना बाबासाहेबांपुढे दोन मार्ग होते. एक या धरमतरवरून, पुढे मोटारीने. दुसरा समुद्रातून बोटीने थेट दासगावपर्यंत. त्यांनी लांबचा समुद्रमार्ग निवडला. कारण उघड होते. मोटारवाल्यांनी ऐन वेळी सत्याग्रहींना बसवून घेण्यास नकार दिला तर काय? दासगावहून महाड अवघे पाच मैल, पायी गाठता येते. म्हणून २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने मंडळी मुंबईहून निघाली.

स्नेह्यांनी गाडी हळू केली. म्हणाले, "म्हणजे गाडीत घेणार नाहीत, हे धरूनच वाट आखायची?" आम्ही म्हटले, "होय. तेव्हा आपल्या माणसाला प्रवासाचा बेत तसाच करावा लागे."

चरीला मात्र सांगण्याची पाळी त्यांची होती. खारभाताची सपाट शेते दाखवीत त्यांनी आजोबांकडून ऐकलेले सगळे सांगितले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोताचे राज्य. कुळाने खाजणात राबायचे, बांध राखायचे, आणि पिकले की मोठा वाटा खोताच्या खळ्यात घालायचा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकऱ्यांची सभा झाली आणि जमीन कसायची नाही, असे ठरले. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. एक नाही, दोन नाही, सुमारे सहा वर्षे शेते ओस राहिली. लोकांनी मासे धरले, लाकूडफाटा विकला, अर्धपोटी राहिले. पण नांगर धरला नाही.

वाचकांना ठाऊकच आहे की १९३४ साली बाबासाहेब चरीच्या शेतकऱ्यांच्या सभेला आले होते. पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात आगरी होते, कुणबी होते, महार होते. कायद्याने खोती गेली ती १९४९ साली.

स्नेहीे बांधावर उभे राहून म्हणाले, "तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आमच्या घरात नाही. पण आमच्या जमिनीचा सातबारा आहे ना, त्याच्यामागं ते आहेत. हे आजोबांना माहीत होतं. आमच्या पोरांना माहीत नाही." तीस वर्षांच्या सहवासात त्यांच्या तोंडून हे वाक्य आम्ही प्रथम ऐकले.

पुढचा रस्ता सुखाचा. अलिबाग, चौल, रेवदंडा. चौल हे फार प्राचीन बंदर. तेथल्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत आहेत. काशीदच्या वाळूवर सुरूच्या सावलीत डबा सोडला. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आमच्या घरची, वालाचे बिरडे त्यांच्या घरचे. मुरूडला जंजिरा लांबूनच पाहिला आणि आगरदांड्याला गाडीसकट जंगलजेटीवर चढलो. खाडी ओलांडताना पश्चिमेला उघडा समुद्र दिसत होता. याच किनाऱ्याने 'पद्मावती' दक्षिणेला गेली असणार. स्नेही बराच वेळ तिकडे पाहत होते.

दिघीला उतरून म्हसळ्यावरून माणगावला हमरस्ता धरला. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागले, आणि मग दासगाव. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी बाबासाहेब येथे उतरले तेव्हा हजारो माणसे वाट पाहत होती. त्यांत आमचे आजोबा होते, असे आमच्या घरात सांगतात. येथून जयघोष करीत लोक महाडला चालत गेले. आम्ही दोघेही थोडे चाललो. ट्रक अंगावरून जात होते, म्हणून परत गाडीत बसलो. गांधारपाल्याची लेणी डोंगरात दिसली आणि महाड आले.

चवदार तळ्यावर त्या दिवशी ना सभा होती, ना गर्दी. पायरीवर बसून आम्ही २० मार्च १९२७ ची हकीकत सांगितली. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळेही खुले केले होते. तरी पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. परिषदेच्या मंडळींना पिण्याचे पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. आणि ओंजळभर पाणी प्याल्यावर परतणाऱ्या बायाबापड्यांवर लाठ्या पडल्या. तळ्यावरील हक्काचा हायकोर्टातला शेवटचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले.

स्नेही गप्प झाले. मग त्यांनी जे विचारले ते सोपे नव्हते. "खरं सांग, त्या दिवशी माझे आजोबा इथं असते तर ते कुठल्या बाजूला उभे असते?"

वाचकहो, मित्राला बरे वाटावे म्हणून उत्तर देता येत होते. आम्ही म्हटले, "माहीत नाही. तुझ्या आजोबांचे ठाऊक नाही, पण कोण आपल्या बाजूला उभे होते ते सांगतो." नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस उभे होते. तळ्यावर चला, असे भर परिषदेत म्हणणारे अनंतराव चित्रे होते. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. दुसऱ्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान होते. ही मंडळी बोटांवर मोजण्याइतकी. आपापल्या समाजात त्यांनी नाराजी पत्करली. पण ती होती.

"बोटावर मोजण्याइतकी," स्नेही म्हणाले. "म्हणजे बाकीचे घरात बसले होते." त्यांनी खाली उतरून ओंजळभर पाणी घेतले, तोंडाला लावले आणि पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन यायचे म्हणून सांगितले.

तथागतांनी आनंदाला कल्याणमित्राविषयी सांगितले ते आपण विहारात ऐकतो. आनंद म्हणाला, चांगली मैत्री म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य. तथागत म्हणाले, अर्धे नव्हे, संपूर्ण. कल्याणमित्र गोड बोलणारा असतोच असे नाही. अवघड प्रश्न विचारतो आणि खरे उत्तर ऐकून घेतो, तो कल्याणमित्र.

आपण महाडला जातो ते २० मार्चला आणि २५ डिसेंबरला, आपल्याच माणसांच्या गर्दीत. ते जायलाच हवे. पण वर्षातून एखादा साधा दिवस काढा. शेजारचा, ऑफिसातला, दुसऱ्या समाजाचा एखादा स्नेही बरोबर घ्या. घरची भाकरी बांधा. समुद्राच्या कडेने जा, चरीला थांबा, त्याचे आधी ऐका आणि मग आपले सांगा. हमरस्त्यापेक्षा वाट लांबची पडते. पण बाबासाहेबांनीही महाडला जाताना लांबचीच वाट घेतली होती.